सव्वीस मेंबर

डिसेंबर लागला तशी तृप्ती आहेर फोनच्या स्टुलाला टेकून अभ्यास करायला लागली. हॉलमध्ये सोफा होता, आतल्या खोलीत टेबल होतं, टेबलावर दिवा होता. पण पोरीला भूमिती सुचायची ती फोनपाशी. बेल वाजली की दुसरा ठोका पडायच्या आत रिसीव्हर हातात. "हॅलो" म्हणायची, ऐकायची, "राँग नंबर" म्हणून ठेवायची आणि पुन्हा वहीत डोकं घालायची. तिच्या आईला, लताबाईंना, याचं केवढं कौतुक! शेजारणीला सांगून झालं, "आमची तृप्ती घरात असली की मला पिकोच्या मशीनवरून उठावंसुद्धा लागत नाही." कौतुकाचं असंच असतं. ते बऱ्याचदा भलत्याच खात्यावर जमा होतं.

त्या आठवड्यात राँग नंबर एकोणीस आले होते. तृप्तीने मोजले होते. मोजणं हा तिचा स्वभावच. इंदिरानगरातल्या त्या शाळेत नववी 'ब'ची मॉनिटर ती उगाच झाली नव्हती. एकोणिसांपैकी अकरांत नुसता श्वास, पाचांत हसणं, आणि तिघांनी जाड आवाजात तिचं नाव घेऊन जे विचारलं ते चौदा वर्षांच्या पोरीला कुणी विचारू नये. फोन ठेवल्यावर तिचा हात रिसीव्हरवरून लगेच निघत नसे. वरून दाबून धरलं नाही तर आतला माणूस बाहेर येईल असं वाटायचं.

घरचा नंबर त्या लोकांना कुठे मिळाला हे तिला ठाऊक होतं. तो ऑर्कुटवर होता. तिच्या फोटोखाली.

आता या पोरांना ऑर्कुट कुणी दिलं, तर वाल्मीकने. वाल्मीकचा नेट कॅफे पिठाच्या गिरणीशेजारी. चार कॉम्प्युटर, चार प्लायवूडचे कप्पे आणि दारात चपलांचा ढीग. सप्टेंबरात पर्यावरणाच्या प्रोजेक्टसाठी सगळ्यांनी ई-मेल काढावा असं बाईंनी सांगितलं आणि वर्गातली बेचाळीस पोरं त्याच्या दारात उभी राहिली. वाल्मीकने एका दुपारी बेचाळीस खाती उघडून दिली, वर प्रत्येकाला ऑर्कुटही काढून दिलं. प्रोजेक्ट कुणी केला नाही. ऑर्कुट सगळ्यांनी केलं. कुणाच्या पानावर किती जणांनी काय लिहिलं याची मधल्या सुट्टीत मोजदाद व्हायची आणि ज्याच्याकडे जास्त तो त्या दिवसाचा श्रीमंत.

दिवाळीची सुट्टी संपली आणि त्या आठवड्यात तृप्तीला एक कम्युनिटी, म्हणजे ऑर्कुटवरचा गट, दिसली. नाव होतं, 'तृप्ती मॉनिटर कुणाकुणाला नको?' वर तिचाच फोटो, शिक्षकदिनाला आईची मोरपंखी साडी नेसून तिने सातवीवर तास घेतला होता तेव्हाचा. फोटोखालचं वाक्य तिने एकदा वाचलं आणि पुन्हा वाचलं नाही. त्याखाली घरचा नंबर. मेंबर चार. चार दिवसांनी नऊ. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी सव्वीस.

सव्वीसही ओळखीचे. गेली चार वर्षं ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला ते. आणि सगळ्यांत वाईट लिहिलं होतं स्नेहलने. स्नेहल गांगुर्डे, तिची बाकावरची जोडीदार. 'हिच्या अंगाला वास येतो. मी नाक दाबून बसते. वह्यांसाठी सहन करते.'

ते वाचलं त्या दिवशी तृप्ती घरी आली आणि दोनदा आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगून बाक बदलला. कारण सांगितलं, फळा दिसत नाही.

बेचाळिसातून सव्वीस गेले की उरतात सोळा, आणि त्यात आपण एक. म्हणजे पंधरा. ते पंधरा कोण, हे वर्गात मान वर न करता शोधायचं म्हणजे किती अवघड! मागे कुणी हसलं की तिच्या पाठीवर काटा यायचा. कुणी पेन्सिल मागितली तरी वाटायचं, आता काहीतरी होणार. बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं तिने सोडून दिलं. मधल्या सुट्टीत ती ग्रंथालयाच्या जिन्यात उभी राहायची आणि घंटा झाली की शेवटी वर्गात शिरायची. पोरं म्हणाली, "मॉनिटरला भाव चढलाय." ती ते ऐकायची आणि मनात सत्ताविसावा धरायची.

हे घरी सांगायचं नव्हतं. त्याला कारण होतं.

तिचे वडील किशोर आहेर ओझरच्या विमान कारखान्यात. रोज पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी सात वाजता परत. स्वभावाने गरम नाहीत, पण शब्दाला पक्के. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाने, निफाडच्या धनराजकाकांनी, आपल्या सुवर्णाला दहावीतून काढलं. तिच्या दप्तरात कुणा पोराची चिठ्ठी सापडली होती. चिठ्ठी लिहिणारा शाळेत राहिला, जिला लिहिली तिचं वर्षाच्या आत लग्न लागलं. बातमी आली तेव्हा किशोरराव जेवत होते. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "दादाने बरोबर केलं." एवढंच. पण तृप्ती समोर बसली होती, आणि ते वाक्य तिने त्या दिवसापासून जपून ठेवलं होतं. सुवर्णाची तर एक चिठ्ठी होती. हिचे सव्वीस मेंबर, फोटो आणि फोन.

त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला दाराची बेल वाजली. लताबाई भाजीला गेल्या होत्या. तृप्तीने दार उघडलं तर समोर स्नेहल. डोळे सुजलेले.

"आता घरापर्यंत आलीस?" तृप्ती म्हणाली. दार तिने अर्धंच उघडलं होतं.

"मला फक्त एवढं सांग," स्नेहल म्हणाली, "माझ्या मम्मीचं तू सगळ्यांपुढे का लिहिलंस? मी तुला शप्पथ घालून मेलमध्ये लिहिलं होतं ना?"

"मी? मी काय लिहिलं?"

"नाटकं नको करू, तृप्ते! 'तुझ्या पप्पांनी मम्मीला टाकलंय.' तुझं नाव, तुझा फोटो. मामाच्या पोराने पण वाचलं."

"आणि माझ्या अंगाला वास येतो ते?"

"कसला वास?"

चोर पकडायला आलेल्या दोन माणसांनी एकमेकांचीच मानगूट धरावी, तसं झालं होतं. स्नेहलने दप्तरातून वही काढली. तिने ते वाक्य तारीख-वेळेसकट उतरवून आणलं होतं. भांडायला येताना माणूस पुरावा विसरत नाही. चार डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळी सहा चाळीस.

"मंगळवारी सहा चाळीसला आपण संस्कृतच्या क्लासला असतो," तृप्ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्या पुढच्याच रांगेत होते. तूच तर मागून माझ्या वेणीत खडू खोवला होतास."

स्नेहल मटकन उंबऱ्यावर बसली. "मग ते कुणी लिहिलं?"

तृप्तीला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. इतके दिवस तिला सव्वीस चेहरे तरी माहीत होते.

दोघी वाल्मीककडे गेल्या. वाल्मीक गल्ल्यावर बसून शेंगदाणे खात होता. "तुम्ही रजिस्टर ठेवता ना, वाल्मीकदादा? कोण किती वाजता आलं त्याचं?" तृप्तीने विचारलं.

"ठेवतो की! पोलिसांचा नियम आहे." त्याने अभिमानाने वही पुढे केली. तारीख होती, वेळ होती, आणि नावाच्या रकान्यात वरून खालपर्यंत एकाच वळणाचं अक्षर: विद्यार्थी, विद्यार्थी, विद्यार्थी. "आता प्रत्येकाचं नाव कुठे विचारत बसू?" तो म्हणाला. "का गं, पासवर्ड विसरलात का? शाळेचं नाव आणि पुढे हजेरीचा नंबर."

"ते माझं आहे," स्नेहल म्हणाली.

"सगळ्यांचंच तेच आहे. बेचाळीस वेगवेगळे मी कुठून सुचवू? घरी जाऊन बदला म्हटलं होतं मी."

घरी कॉम्प्युटर कुणाकडे होता? आणि बदललेला पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. यातला नंबर तर बाई रोज सकाळी हजेरीला म्हणून दाखवत.

तृप्ती कप्प्यात जाऊन बसली. सात नंबरच्या मुलीचा ई-मेल टाकला. शाळेचं नाव, पुढे सात. पान उघडलं. मग तेरा. उघडलं. एकवीस. उघडलं. दुसऱ्याची पत्रं, दुसऱ्याच्या गुजगोष्टी, कोण कोणाला आवडतं, कोणाच्या घरी काय चाललंय. आख्ख्या वर्गाच्या दारांना एकच कडी, आणि ती बाहेरून.

"आपण पण लिहू," स्नेहल कानाशी म्हणाली. तिचा श्वास गरम होता. "ज्याने कुणी केलंय त्याला कळू दे. चल ना! कुणाच्याही नावाने लिही."

तृप्तीची बोटं कळांवर होती. किती सोपं होतं ते! एक ओळ, आणि दुसरं कुणीतरी रात्रभर रडेल. तिला आपल्याच बोटांची भीती वाटली. तिने हात मांडीवर घेतले आणि पान बंद केलं.

या सगळ्यात सात वाजून गेले. भिंतीवरचं घड्याळ दिसलं तशी ती चप्पल निम्मी पायात घालून पळाली. बिल्डिंगच्या पहिल्या जिन्यावर असतानाच वरून बेल ऐकू आली. एक ठोका. दोन. तीन. ती दोन-दोन पायऱ्या चढत होती. चौथा ठोका अर्ध्यात तुटला.

दार उघडंच होतं. किशोरराव कंपनीच्या गणवेशात, पायात मोजे, रिसीव्हर कानाला लावून उभे होते.

"कोण?" ते म्हणाले. मग ऐकत राहिले. "काय म्हणालास? परत बोल. अरे बोल ना, मी तिचा बाप बोलतोय."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि शर्टाच्या बाहीने पुसला. तृप्ती दारात होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला निदान ओळखता आला असता. वडील घाबरलेले तिने कधी पाहिले नव्हते.

तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कम्युनिटी, फोटो, वास, स्नेहल, पासवर्ड. मागोमाग बाजारातून परतलेल्या लताबाई भाजीची पिशवी हातात तशीच धरून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर किशोरराव म्हणाले, "उद्या शाळेत जायचं नाही."

झालं. सुवर्णाच्या रांगेत दुसरं नाव लागलं.

ती आतल्या खोलीत गेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली. स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"दादांसारखं करणार का?" आईचा आवाज दबका, पण धार लागलेला. "पोरीला घरात बसवली म्हणून फोन वाजायचा थांबणारे का? फेकायचंच असेल तर फोन फेका खिडकीतून. पोरगी कशाला?"

"मी कुठे म्हटलं काढतो म्हणून?"

"तेव्हा म्हणाला होतात. दादाने बरोबर केलं. ती बसली होती समोर. दोन आठवडे हे सगळं पोटात ठेवून राहिली ती त्या एका वाक्यापायी. आता कळलं ना, फोनला का चिकटून बसायची?"

मग वडिलांचा आवाज आला, ओशाळलेला. "म्हणालो होतो खरं."

पहाटे कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली, दोनदा हॉर्न वाजवला आणि निघून गेली. तृप्ती अंथरुणात टक्क जागी होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या बसने आहेरांना सोडून जाणं हे तिला चांगलं लक्षण वाटेना. किशोरराव इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या दारात आले.

"शाळेत मी जातोय," ते म्हणाले. "आधी मी बघतो तिथे काय ते. तुझ्या वर्गाची सगळी नावं, नंबरांसकट लिहून दे."

मुख्याध्यापक गायधनी सरांनी आधी नेहमीचंच सांगितलं. "आहेर, हे शाळेच्या आवाराबाहेरचं आहे. शिवाय मुलीचंही काहीतरी…"

"सर," किशोरराव म्हणाले, "आमच्याकडे कामावर एक पाना हरवला तर विमान जागचं हलत नाही. कुणी हरवला ते नंतर. आधी सगळे थांबतात आणि प्रत्येकाची पेटी उघडून मोजतात. आणि जो स्वतः येऊन सांगतो, पाना माझ्याकडून गेला, त्याला कुणी रागवत नाही. रागवायला लागलो तर पुढच्या वेळी कुणी सांगणारच नाही. माझ्या पोरीने येऊन सांगितलंय. आता पेट्या मोजायच्यात. तुम्ही मोजता, का मी पोलीस चौकीत जाऊन मोजून घेऊ?"

हे त्यांनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि शेवटचं वाक्य दोनदा. सरांनी त्याच दुपारी वर्गाला सूचना दिली.

रविवारी सकाळी दहा वाजता नववी 'ब' वाल्मीकच्या दारात, हजेरीच्या नंबराने रांगेत. बरोबर आया, दोन-चार बाप, एक आजोबा. वाल्मीक नवरदेवासारखा घामाघूम. त्याने जुना पासवर्ड घालून खातं उघडायचं, पोराने नवा घालायचा, तेवढ्यापुरतं सगळ्यांनी तोंड फिरवायचं. किशोरराव दाराशी हात मागे बांधून उभे. आणि यादीवर खूण करायला तृप्ती. तिने नको म्हटलं होतं. "तू मॉनिटर आहेस," ते म्हणाले होते. "जमणार नसेल तर मी करतो." तिने पेन्सिल घेतली होती.

खातं उघडलं की एकेकाचा रंग उडायचा. "अय्या, मी या कम्युनिटीत कधी गेले?" "हे मी नाही लिहिलं, शप्पथ! मम्मी, खरंच नाही." सात नंबरच्या मुलीने तृप्तीचा हात धरला आणि रडायला लागली, तिला वाटत होतं तृप्ती तिच्यावर रागावलीय म्हणून बोलत नाही. तृप्ती खुणा करत होती. असा एकेक जण गेला की सव्वीसमधला एक कमी व्हायचा. पण ज्याने हे केलं तो याच रांगेत होता. पुढे सरकत होता. ती वर बघायला घाबरत होती.

"एकोणतीस," वाल्मीक म्हणाला.

रोहित पगार पुढे आला. शांत मुलगा, वर्गात कायम दुसरा नंबर, वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. वाल्मीकने पासवर्ड घातला. उघडेना. पुन्हा घातला. "चुकीचा म्हणतोय. अरे, बदललास का?"

"हो."

"कधी?"

"दिवाळीआधी."

पेन्सिल थांबली. अठ्ठावीस दारं त्याच एका कडीने उघडली होती. आपल्या दाराला वेगळं कुलूप लावावंसं एकट्यालाच वाटलं होतं. स्नेहलने मागून तृप्तीच्या दंडाला चिमटा काढला. तसं पाहिलं तर पासवर्ड बदलणं हा काही गुन्हा नव्हे. तेच तर सगळ्यांना करायला बोलावलं होतं.

किशोररावांनी रोहितकडे पाहिलं. "शहाणा आहेस," ते साध्या आवाजात म्हणाले. "मग बाकीच्यांना का नाही सांगितलंस, बदला म्हणून?"

रोहितच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. मागे तीस नंबरची आई म्हणाली, "म्हणजे हाच की काय?" आणि रांग एकदम मधमाश्यांसारखी झाली. तृप्तीने तो आवाज ओळखला. तो तिच्या पाठीमागे दोन आठवडे होता.

"तीस नंबर," तिने मोठ्याने पुकारलं. आवाज फाटला. "तीस नंबर, पुढे या."

किशोररावांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि रांग सरळ केली. बाकीच्या तेरांपैकी एकाचाही पासवर्ड बदललेला नव्हता.

संध्याकाळी लताबाई गॅलरीतून म्हणाल्या, "खाली कुणी मुलगा उभा आहे. अर्धा तास झाला." रोहित होता. किशोररावांनी चप्पल घातली, मग थांबले. "मी येऊ, का तू जातेस? मी इथून बघतो."

ती गेली. जाताना शाल अंगावर घेतली. रोहितपासून चार हात लांब उभी राहिली.

"काढून टाकली," तो म्हणाला. "कम्युनिटी. फोटो पण."

"सव्वीसमधले तू किती होतास?"

"बावीस." तो जमिनीकडे बघत होता. "आधी एकट्यानेच लिहिलं होतं, माझ्या नावाने. कुणी बघितलं पण नाही. मग दुसऱ्याच्या नावाने लिहिलं. मग अजून एक. स्नेहलला तुझ्या नावाने लिहिलं ते पण मीच. खूप जण दिसले तसे चौघं आपणहून आले. ते खरे आले."

"आणि फोन?"

"फोन मी एकदाही केला नाही. देवाशप्पथ! कोण करतं मला माहीत नाही. मी नंबर टाकला फक्त. मग मलाच भीती वाटायला लागली, पण काढला तर कळेल, कोणी टाकला ते." त्याने मान वर केली. "तू सरांना सांगणार?"

म्हणजे ते आवाज वर्गातले नव्हतेच. गावात कुठेतरी तीन-चार माणसं होती, मोठी, ज्यांच्या डायरीत तिच्या घरचा नंबर होता, आणि तो पुसायला त्यांच्यापर्यंत कुणी पोचणार नव्हतं. तृप्तीने शाल घट्ट ओढून घेतली.

"तू सांगायचंस," ती म्हणाली. "उद्या प्रार्थनेच्या आधी. नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"माझे पप्पा जिवंत ठेवणार नाहीत."

"मग माझ्या पप्पांना घेऊन जा आधी घरी. ते बोलतील त्यांच्याशी." तिने वर बघितलं. किशोरराव गॅलरीच्या कठड्यावर वाकून उभे होते. "आत्ताच विचार. ते वर आहेत."

रोहित जिन्याकडे बघत राहिला. मग एक पायरी चढला, थांबला, दुसरी चढला. ती त्याच्या मागून गेली, अंतर राखून.

तासाभराने दोघं खाली उतरले आणि किशोररावांनी स्कूटर सुरू केली. निघण्याआधी त्यांनी वर हाक मारली. "तृप्ते, उद्याचं काय? नंबर बदलून घ्यायला मी टेलिफोन ऑफिसात जाणारच आहे. दोन-चार दिवस थांबायचं असेल तर थांब. तू म्हणशील तसं."

तिला थांबायचं होतं. फार थांबायचं होतं. त्या वर्गात चार खरे मेंबर अजून बसलेले असणार होते.

"उद्या पी.टी. आहे," ती गॅलरीतून म्हणाली. "बूट पांढरे करायचे राहिलेत."

स्कूटर गेली. तिने वर्तमानपत्र पसरलं, डबी उघडली आणि बुटांना पांढरं लावायला बसली. निम्मं पांढरं फरशीवर सांडलं. लताबाईंनी फडकं आणून शेजारी ठेवलं आणि दुसरा बूट हातात घेतला.